आठ पत्ते, सत्तर डाव आणि भास्कराचार्य

परवा रात्री साडेबारा वाजता माझ्या रूममेटने मोबाइल गादीवर आपटला. गडी शिरपूरचा, एरवी शांत. पण सलग पाच डाव हरला होता. त्याचं म्हणणं एकच, की भो, आपलं नशीबच फुटकं आहे. त्याच्याकडे दोन पत्ते असे आहेत की ते सुरुवातीलाच एकत्र हातात आले, तर समोरच्याचा टॉवर गेलाच समजा. पण ते एकत्र येतच नाहीत. गेम आपल्यावर खुन्नस काढतोय, यावर तो ठाम होता.

ज्यांनी क्लॅश रोयाल खेळलंय त्यांना हे दुखणं माहीत असेल. डेक आठ पत्त्यांचा. हातात एका वेळी चार, बाकीचे चार रांगेत. एक पत्ता टाकला की रांगेतला पुढचा हातात येतो. डेकमध्ये कोणते आठ घ्यायचे, ते तुम्ही ठरवता. ही झाली स्ट्रॅटेजी. पण पहिले चार कोणते येतील, ते तुमच्या हातात नसतं. ते नशीब.

हे नशीब नेमकं किती मोठं असतं? ते मोजता येतं का? तेव्हा मला चाळीसगावजवळच्या एका दगडाची आठवण झाली. शाळेची सहल पाटणादेवीला गेली होती, तेव्हा तो आम्ही पाहिला होता. पाहिला म्हणजे, त्याच्यासमोर उभं राहून डबा कधी खायचा याचा विचार केला होता. त्या दगडावर ज्यांचं नाव कोरलंय त्या माणसाने माझ्या रूममेटच्या तक्रारीचं अर्धं उत्तर पावणेनऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. त्यांचं नाव भास्कराचार्य.

घरच गणिताचं

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इ.स. १११४. हे त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवलंय. त्या काळच्या लेखकांच्या जन्मवर्षावरून अभ्यासकांचे वाद चालतात, पण इथे तो प्रश्नच येत नाही. वडील महेश्वर हे ज्योतिषी आणि गणिती होते. भास्कराचार्यांचे गुरूही तेच.

त्यांनी आपल्या गावाचं नाव विज्जडविड असं दिलंय आणि ते सह्याद्रीच्या आश्रयाला आहे असं सांगितलंय. हे गाव म्हणजे आजचं कुठलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी विजापूर म्हणतं, कुणी बीड, कुणी आपलं चाळीसगावजवळचं पाटण. पण एक गोष्ट पक्की आहे. त्यांच्या घराण्याची नोंद असलेला शिलालेख सापडला तो पाटणलाच.

वयाच्या ३६व्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग. लीलावती हे अंकगणित, बीजगणित हे नावाप्रमाणेच, ग्रहगणितात ग्रहांच्या गतीचे हिशोब आणि गोलाध्यायात आकाशाच्या गोलाचं गणित. यातल्या लीलावतीने त्यांना घराघरात पोचवलं. पुढची काही शतकं गणित शिकायचं म्हणजे लीलावतीपासून सुरुवात करायची, अशी पद्धतच पडली. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये तिच्यावर बुद्धिविलासिनी नावाची टीका लिहिली. म्हणजे पुस्तक निघून चारशे वर्षं झाली, तरी लोक त्यावर गाइड लिहीत होते!

युद्ध, साप आणि मोर

लीलावती उघडली की पहिल्यांदा लक्षात येतं ते हे, की या माणसाला आकडे कोरडे ठेवायचे नव्हते. लीला म्हणजे खेळ, आणि पुस्तकही तसंच आहे. खांबावर मोर बसलाय, खाली बिळाकडे साप येतोय, मोर झेप घेतो. दोघं बिळापासून किती अंतरावर भेटतील? तळ्यातले हंस, कमळावरचे भुंगे, सगळे हिशोबाला लावलेत.

एक उदाहरण तर थेट आपल्या गेममधलं वाटावं. अर्जुन आणि कर्ण समोरासमोर आहेत. अर्जुनाने आपले निम्मे बाण कर्णाचे बाण अडवायला वापरले. एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपट बाण घोड्यांवर गेले. सहा शल्यावर. तीन बाणांनी छत्र, ध्वज आणि धनुष्य तोडलं. शेवटच्या एका बाणाने खेळ संपवला. तर अर्जुनाकडे एकूण बाण किती होते?

उत्तर १००. पडताळून बघा: ५० बचावाला, ४० घोड्यांना, मग ६, ३ आणि १. निम्मा साठा बचावावर खर्च झालाय, हे लक्षात घ्या. माझा रूममेट सगळं एलिक्झिर हल्ल्यावर उधळतो आणि मग समोरून काही आलं की बघत बसतो. त्याला हे उदाहरण ऐकवलं तेव्हा त्याने उशी फेकून मारली.

आठ दारांचा महाल

आता मुद्द्यावर येऊ. लीलावतीत भास्कराचार्यांनी एक महाल दिलाय. त्याला आठ दारं. एक दार उघडं ठेवायचं, किंवा दोन, किंवा तीन, असं करत आठही. तर किती वेगवेगळ्या प्रकारे दारं उघडी ठेवता येतील?

यासाठी त्यांनी दिलेली रीत इतकी सोपी आहे की चहाच्या टपरीवर बिलाच्या मागे करता येते. वर उलटे आकडे लिहा: ८, ७, ६, ५ असे. खाली सुलटे: १, २, ३, ४. मग ८ भागिले १ म्हणजे ८. हे एक दार उघडं ठेवायचे प्रकार. त्याला ७ ने गुणा, २ ने भागा: २८. हे दोन दारांचे. ६ ने गुणा, ३ ने भागा: ५६. ५ ने गुणा, ४ ने भागा: ७०. पुढे ५६, २८, ८ आणि १. सगळे मिळून २५५.

चार दारांपाशी थांबा. आठातली चार दारं उघडायचे प्रकार ७०. आणि आपला डेक आठ पत्त्यांचा, हातात चार. म्हणजे पहिल्या हातात येऊ शकणारे वेगवेगळे संच ७०. बरोब्बर तोच हिशोब. महाल तोच, फक्त दारांच्या जागी पत्ते.

याच रीतीने त्यांनी चवींचंही उदाहरण सोडवलंय. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट या सहा चवी. त्यातल्या दोन-दोन एकत्र केल्या तर १५ प्रकार होतात, आणि एकापासून सहापर्यंत सगळे प्रकार धरले तर ६३. हा १५ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शंकराचे दहा हात

पुस्तकाच्या शेवटाकडे अंकपाश नावाचं प्रकरण येतं. अंकपाश म्हणजे आकड्यांचं जाळं. इथे प्रश्न निवडायचा नाही, क्रम लावायचा आहे. शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, साप, डमरू, कवटी, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य ही दहा आयुधं आहेत. ती हातांत अदलाबदल करून दिली तर शंकराची किती रूपं होतील? विष्णूच्या चार हातांतल्या शंख, चक्र, गदा, पद्म यांची किती?

विष्णूची २४. शंकराची ३६,२८,८००. चार वरून दहावर गेलो तर आकडा चोविसावरून थेट छत्तीस लाखांवर! दर सेकंदाला आयुधांची एक नवी मांडणी केली, न झोपता, न जेवता, तरी सगळ्या मांडण्या संपायला बरोब्बर ४२ दिवस लागतील.

पुढे तर आणखी कमाल आहे. सारख्याच वस्तू पुन्हा पुन्हा आल्या तर काय? त्यांनी ४, ८, ५, ५, ५ हे आकडे घेतलेत. पाचही वेगळे असते तर १२० संख्या झाल्या असत्या. पण तीन पाच एकसारखे, त्यामुळे ६ ने भागायचं. उरल्या २०. ज्या गेममध्ये एकाच पत्त्याच्या दोन-तीन प्रती डेकमध्ये ठेवता येतात, तिथे हाच नियम लागतो. प्रती वाढवल्या की डेकमधली विविधता कमी होते, पण हवा तो पत्ता लवकर येतो. डेक बनवणारा प्रत्येक जण हा सौदा करतोच, कळत किंवा नकळत.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. भास्कराचार्यांनी शक्यता किती आहेत ते मोजलं. त्यातली आपल्याला हवी ती किती वेळा येईल, हा भागाकार त्यांनी केला नाही. ती विद्या पुढे युरोपात जुगाराच्या प्रश्नांतून वाढली. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितींनी अर्धवट राहिलेल्या डावातले पैसे कसे वाटायचे यावर एकमेकांना पत्रं लिहिली, आणि तिथून संभाव्यतेच्या शास्त्राने जोर धरला. म्हणून प्रोबॅबिलिटी आमच्या खान्देशात जन्मली असं व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करू नका. पण एकूण डाव किती, हे माहीत नसेल तर तो भागाकार सुरूच करता येत नाही, हेही तितकंच खरं.

फर्मांचं नाव आणखी एका ठिकाणी येतं. १६५७ मध्ये त्यांनी एक कोडं टाकलं. एका पूर्ण संख्येचा वर्ग करा, त्याला ६१ ने गुणा, १ मिळवा. उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग आलं पाहिजे. अशी सगळ्यात छोटी संख्या कोणती? अंदाजाने एकेक आकडा घालत बसलात तर जन्म जाईल, कारण ती संख्या २२,६१,५३,९८० आहे. भास्कराचार्यांनी हेच ६१चं उदाहरण त्याआधी पाचशे वर्षं बीजगणितात चक्रवाल पद्धतीने सोडवलं होतं. या पद्धतीत प्रत्येक पायरीला असा आकडा निवडायचा की उरलेला फरक लहानात लहान राहील. म्हणजे नशिबावर भिस्त नाही, दर चालीला चांगली चाल. स्ट्रॅटेजी याहून वेगळी काय असते?

घटिकापात्रातला मोती

आता ती गोष्ट, जी तुम्ही आजीकडून किंवा शाळेच्या पुस्तकातून ऐकली असेल.

लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या पत्रिकेत वैवाहिक सुख नव्हतं. वडिलांनी आकाशाचा सगळा हिशोब करून एकच मुहूर्त काढला, जो साधला तर दोष टळेल. वेळ मोजायला घटिकापात्र ठेवलं. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे आपली २४ मिनिटं. नटलेली लीलावती कुतूहलाने वाकून बघायला गेली आणि तिच्या अंगावरचा एक मोती वाटीत पडला. भोक बुजलं. वाटी बुडेना. कुणाच्या लक्षात येईपर्यंत मुहूर्त टळून गेला होता. मग वडिलांनी तिची समजूत घातली, की तुझ्या नावाने असं पुस्तक लिहीन, जे कायम राहील.

ही गोष्ट लिखित स्वरूपात आपल्याला भेटते ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतरात. म्हणजे पुस्तक लिहिल्यानंतर चारशेहून जास्त वर्षांनी. खुद्द पुस्तकात असं काही सांगितलेलं नाही. त्यातली उदाहरणं कधी एखाद्या मुलीला उद्देशून आहेत, तर कधी मित्राला, कधी गणितज्ञाला, कधी व्यापाऱ्याला. पाटणच्या शिलालेखात घराण्याची वंशावळ आहे, त्यात मुलगी नाही. अर्थात त्या वंशावळीत विद्वान पुरुषांचीच नावं आहेत, तेव्हा त्यावरून मुलगी नव्हतीच असंही ठरत नाही.

गोष्ट खरी असो वा नसो, ती टिकली याचं कारण मला तरी कळतं. ज्याला ग्रहणाची वेळ काढता येत होती, त्याचा हिशोब एका मोत्याने चुकवला. खरं तर हिशोब चुकला नव्हताच. मोती कुठे पडेल, ही गोष्ट हिशोबात धरताच आली नसती. आपल्यापैकी ज्याने कधी पूर्ण तयारी करून पेपर दिलाय आणि नेमका न वाचलेला प्रश्न आलाय, त्याला ही गोष्ट लगेच पटते. आणि गोष्टीतले वडील त्यानंतर काय करतात तेही बघा. ते दुसरा मुहूर्त शोधत बसत नाहीत, नशिबाला शिव्या देत नाहीत. ते मुलीला मोजायला शिकवतात.

दगडावरचा मठ

भास्कराचार्यांनी ११८३ मध्ये, ६९व्या वर्षी, करणकुतूहल हा ग्रंथ लिहिला. ग्रहांचे हिशोब पटकन करता यावेत यासाठीचा हा सोपा ग्रंथ. आयुष्यभर अवघड गणित केलेल्या माणसाने म्हातारपणी इतरांचं काम सोपं करणारं पुस्तक लिहिलं.

पुढचं आपल्याला दगड सांगतो. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला देवगिरीच्या यादवांचा राजा जैत्रपाळ याने बोलावून नेलं आणि आपल्या विद्वानांमध्ये मानाचं स्थान दिलं. नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा राजज्योतिषी झाला. या चांगदेवाने पाटणला मठ काढला. कशासाठी? आजोबांचे आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ तिथे शिकवले जावेत यासाठी. शके ११२८ च्या श्रावणी पौर्णिमेला, म्हणजे ९ ऑगस्ट १२०७ रोजी, चंद्रग्रहणाच्या वेळी तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला देणगी दिली.

शिलालेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण देणग्यांचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालातून मठाला किती द्यायचं, प्रत्येक तेलाच्या घाण्यामागे किती पळी तेल द्यायचं, असा तपशील त्यात आहे. म्हणजे गणिताच्या शाळेचा खर्च गावातले दुकानदार, गिऱ्हाईक आणि तेली थोडा थोडा उचलत होते. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला आणि १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. भायखळ्याचं म्युझियम ज्यांच्या नावाचं आहे, तेच हे.

पुन्हा आमची रूम

तर रूममेटचं काय? त्याचे दोन लाडके पत्ते पहिल्याच हातात एकत्र यायला हवेत. ते दोन पक्के धरले तर उरलेल्या सहातून आणखी दोन यायचे. सहातून दोन म्हणजे किती? तोच तो चवींचा १५. एकूण संच ७०. सगळे संच सारख्याच शक्यतेने येतात असं धरलं, तर ७० पैकी १५ वेळा, म्हणजे साधारण पाचात एकदा त्याला हवं ते मिळणार. पाच डावांत एकदाही न मिळण्याची शक्यता जवळपास ३० टक्के. याला फुटकं नशीब म्हणत नाहीत. हा रोजचा पाऊस आहे, आणि त्याने छत्रीच घेतली नव्हती. जो डेक पाचातल्या चार वेळा अडकतो, तो डेकच चुकीचा.

हे सगळं मी एवढ्या तावातावाने का सांगितलं? कारण गेल्या महिन्यात दुसऱ्या एका गेममध्ये, दुर्मिळ पत्ता मिळेल या आशेने, त्याने पेट्यांवर पेट्या उघडल्या होत्या. मेसचे पैसे त्यात गेले. प्रत्येक पेटीनंतर तो म्हणायचा की एवढ्या वेळा नाही आलं, आता तर येणारच. पण जिथे प्रत्येक पेटीची शक्यता वेगळी आणि सारखीच असते, तिथे आधीच्या पेट्यांचा काही संबंध नसतो. पंधरा दिवस आम्ही दोघांनी एका डब्यात भागवलं. हे घरी अजून माहीत नाही.

त्या रात्री आम्ही वहीच्या मागच्या पानावर सत्तरच्या सत्तर संच लिहून काढले. दोन वाजले. ६३व्याला त्याला एक सुटलेला सापडला, तेव्हा तो हरलेले डाव विसरला होता. सकाळी त्याने डेकमधला एक महागडा पत्ता काढून स्वस्तातला घातला. तो अजूनही हरतो, पण आता हरल्यावर वही मागतो. पेट्या मात्र बंद.

पुढच्या रविवारी आम्ही पाटणादेवीला जाणार आहोत. धुळ्याचे दोन मित्र रेल्वेने चाळीसगावला येतील, आम्ही जळगावहून. तिथून अठरा-एक किलोमीटर. गौताळा अभयारण्याचा परिसर आहे, देवीचं देऊळ आहे, जवळ हेमाडपंती महादेव मंदिर आहे. यावेळी डबा आधी खाऊन घेऊ आणि मग दगडासमोर उभं राहू.